हुसेनभाईंच्या न चालणाऱ्या बंदुका

चालणाऱ्या बंदुकीचा किस्सा एकच असतो. ती चालली! पुढे पोलीस, पंचनामा आणि रडारड. न चालणाऱ्या बंदुकीचं तसं नाही. ती भिंतीवर नुसती टांगलेली असते. पाहुणा येतो, वर बघतो, "ही कोणाची हो?" म्हणतो, आणि मालक सांगायला बसतो. दर पाहुण्याला थोडं वाढवून! असे किस्से साचत जातात. माझ्याकडे तर पोतंभर साचलेत, आणि त्यातला एकही मी मुद्दाम गोळा करायला गेलो नव्हतो.

दोष माझ्या दुकानाच्या भिंतीचा. अमरावतीत जवाहर गेटच्या आत माझं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लागून हुसेनभाईंचं. पेटी वाजत नाही म्हणून लोक माझ्याकडे येत, बंदूक वाजू नये म्हणून त्यांच्याकडे!

हुसेनभाई मूळचे अचलपूरचे. त्यांच्या वडिलांनी जन्मभर बंदुका चालत्या केल्या, यांनी बंद केल्या. स्वातंत्र्यानंतर जुन्या घरांतल्या ठासणीच्या बंदुका शोभेपुरत्याच उरल्या होत्या. लायसनची कटकट नको म्हणून लोक नळीत शिसं ओतून घेत, घोडा पक्का करून घेत आणि बैठकीत टांगत. काही शौकीन त्या विकत घेत, म्हणजे आधी हुसेनभाईंकडून किंमत करून घेत. नाटकवाल्यांना आणि शाळांना तर अगदी खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकलीच लागत. लोखंडाचं काम हुसेनभाईंचं. दस्त्याचं लाकूड आणि पॉलिश माझं. पेटीला जे लाखेचं पॉलिश, तेच बंदुकीला.

"पेटीवाले भाऊ," हुसेनभाई म्हणत, "तुमचा हात लागला का बंदूक अशी चमकते, आता सा रे ग म म्हनंन असं वाटते!"

\*

किंमत करायला आलेल्या प्रत्येक बंदुकीनं मेळघाटात वाघ मारलेला असे. एकीनंही हरीण मारलेलं नाही. एकदा हुसेनभाई कंटाळून म्हणाले, "भाऊ, एवढे वाघ होते त मेळघाटात झाडं कुठी उभी राहत होती?"

असाच एक वाघ घेऊन अंजनगाव सुर्जीकडचे एक देशमुख आले. सोबत त्यांची म्हातारी आई, डोळे दाखवायला आणलेली. बंदूक शालीत गुंडाळलेली, दरवर्षीच्या दसऱ्याची हळदकुंकवाची पुटं तिच्यावर चढलेली.

"पणजोबाची आहे," देशमुख म्हणाले. "इंग्रजानं साऱ्या गावाच्या जमा केल्या, हे एकटी लपवून ठेवली."

हुसेनभाईंनी ती हातात घेतली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "भल्ली हलकी आहे."

"विलायती लोखंड!" देशमुख अभिमानानं म्हणाले.

हुसेनभाईंनी नळीवर नख टेकवलं, कानाशी नेऊन टिचकी मारली, आणि बंदूक माझ्याकडे दिली. "भाऊ, हे तुमच्या खात्यातलं काम दिसते."

मी पाहिलं. नळीसकट अख्खी बंदूक सागवानाची! वरून काजळी आणि लाख. खरी कधीच जमा झालेली असणार आणि पूजा मोडू नये म्हणून कोणा सुतारानं ही घडवलेली. पण हे देशमुखांना सांगायचं कोणी? मी हुसेनभाईंकडे पाहतोय, ते छताकडे पाहताहेत.

बाकावरून म्हातारी बोलली, "सांगा नं, लाजता काहून? मले त सून म्हणून आली तवाचं माहीत आहे."

"काय माहीत आहे माय?" देशमुख वळले.

"अरे, एकदा तिले वाळवी लागली होती. मीच करंजाचं तेल चोळलं. लोखंडाले कुठी वाळवी लागते बाबू?"

"मंग इतके वर्सं सांगतलं काहून नाही?"

"तुझा बाप दर दसऱ्याले तिच्यासमोर मिशीले पीळ देऊन उभा राहे," म्हातारी म्हणाली. "कोन सांगन!"

\*

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अकोल्याचे बापूसाहेब वकील. घरात पोरबाळ नाही, व्यसन नाही, शौक एकच. बैठकीच्या चारही भिंती बंदुकांनी भरलेल्या. माणूस मात्र इतका मऊ की दिवाळीत कानात कापूस घालून बसायचा!

त्यांची एक लांब नळीची बंदूक होती. ती दर पावसाळ्यात गंजायची. बाकीच्या ठणठणीत आणि हीच गंजलेली. हुसेनभाई घासून, तेल देऊन पाठवत. पुढच्या श्रावणात पुन्हा हजर! तेल बदललं, भिंतीवरची जागा बदलायला सांगितली, तरी तेच. हुसेनभाईंची झोप उडाली. "माझ्या हाताले डाग लागून राहिला भाऊ," म्हणाले, आणि भर पावसात मला घेऊन अकोल्याला निघाले.

आम्ही न कळवता बैठकीत शिरलो. बापूसाहेब कोर्टात गेलेले. आणि त्या बंदुकीवर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, वहिनीसाहेबांचं ओलं लुगडं घडी करून पसरलेलं!

हुसेनभाईंनी बोटानं लुगड्याचा काठ उचलून खालचा गंज पाहिला. वहिनीसाहेब चहा घेऊन आल्या, त्यांनी आमच्या नजरा पाहिल्या, पण जराही ओशाळल्या नाहीत.

"बरं झालं तुम्हीच आले," म्हणाल्या. "एवढी लांब दुसरी एखादी पाहा नं यांच्यासाठी. एकीवर भागत नाही."

\*

अकोल्यातच एकदा हौशी मंडळींचं नाटक होतं. बंदूक आमची होती म्हणून आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलेलं. नायक म्हणजे एका शाळेचे ड्रिलमास्तर. खलनायक सावकार म्हणजे पोस्टातले एक जाडजूड बाबू. शेवटच्या प्रवेशात नायकानं घोडा ओढायचा, विंगेतून फटाका उडवायचा आणि सावकारानं कोसळायचं.

नायकानं घोडा ओढला. फटाका फुसका निघाला!

पुन्हा ओढला. विंगेत नुसता धूर आणि कोणाचं तरी खोकणं. सावकार छातीवर हात ठेवून तयार उभा, पण आवाजच नाही तर मरायचं कशानं? मागून कोणी ओरडलं, "अबे, बंदूक खराब आहे!" थिएटरभर हशा.

झालं! हुसेनभाई ताडकन उभे राहिले. "बंदुकीत खराबी नाही!" त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "फटाका ओला आहे!"

नायक बिचारा घामाघूम. तो संवाद विसरला आणि सरळ हुसेनभाईंकडे वळून विचारता झाला, "मंग आता काय करू?"

"दस्त्यानं हान!"

सावकारानं तो भक्कम सागवानी दस्ता वर उचललेला पाहिला, आणि दस्ता खाली यायच्या आत मरून पडला! इतकं जिवंत मरण मी पुन्हा रंगभूमीवर पाहिलं नाही.

\*

हत्यारांचे कायदे कडक झाले त्या सुमारास कोतवालीत पुण्याकडून एक नवे साहेब आले. तरुण, कामाला चोख. एके सकाळी शिपाई घेऊन ते दुकानाच्या पायरीवर उभे.

हुसेनभाई आनंदानं म्हणाले, "काहून आले साहेब?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. मी धावत गेलो आणि समजावलं, की 'काहून' म्हणजे 'का' खरं, पण आमच्याकडे हे स्वागत आहे, याच्यापुढे चहाच येतो. चहा आलाही. साहेब जरा निवळले.

"या बंदुका चालत नाहीत, याला पुरावा काय?" त्यांनी विचारलं.

"चालवून पाहा नं!" हुसेनभाईंनी एक बंदूक काढून त्यांच्या हातात दिली.

मागच्या आवारात सगळे जमले. साहेबांनी बंदूक खांद्याला लावली, एक डोळा मिटला. मग दोन्ही मिटले. नळीचं तोंड आधी आभाळाकडे, मग विहिरीकडे, मग आमच्याकडे फिरलं. शिपाई आधी पळाला, त्याच्यामागे मी. आम्ही लिंबाच्या झाडामागे जाऊन पाहतो तर हुसेनभाई आधीच तिथे!

चाप दाबल्याचा टक् असा आवाज झाला. बाकी काही नाही. साहेबांनी डोळे उघडले आणि आम्हाला झाडामागे पाहिलं.

"हुसेनभाई, शिसं तुम्हीच ओतलंत ना? मग तुम्ही का पळालात?"

"साहेब, बंदुकीवर भरोसा होता," हुसेनभाई झाडाआडून म्हणाले. "तुमी तिले धरलेली पाहून तो उडाला!"

साहेब इतके हसले की टोपी काढून डोळे पुसले. पुढे बदली होईपर्यंत रोज चहाला आमच्याकडेच. आणि येताना पायरीवरूनच ओरडायचे, "काहून आलो ते विचारा!"

\*

एकदा दुकानात चोरी झाली. मागचा पत्रा उचकटून चोरानं एक बंदूक नेली, दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. महिना झाला. मग एका दुपारी धामणगावकडचा एक माणूस गोणपाटात काहीतरी गुंडाळून आला.

"बंदूक बिघडली," म्हणाला. "चालतच नाही. दुरुस्त करून द्या."

गोणपाट उघडलं तर आमचीच! दस्त्यावर माझं पॉलिश मी ओळखणार नाही? मी उठून दार लावायला निघालो. हुसेनभाईंनी हातानंच थांबवलं.

"भाऊ," ते त्या माणसाला म्हणाले, "चालत नाही म्हणूनच त थे इथी होती."

माणसाला आधी समजलं नाही. मग त्यानं दुकानाकडे नीट पाहिलं, मागच्या पत्र्याकडे पाहिलं, आणि मटकन खाली बसला. अंधारात मागच्या अंगानं आला होता, दिवसाउजेडी समोरून दुकान ओळखू आलं नव्हतं! गावात कोणीतरी सांगितलं, जवाहर गेटात बंदुकीचा कारागीर आहे, म्हणून आला.

"कशाले पाहिजे होती?"

"डुकरं. रानडुकरं ज्वारी खाऊन राहिले. रातभर मी अन् बायको डबे बडवतो. ते ऐकत उभे राहतात."

हुसेनभाईंनी त्याला पाणी दिलं, चहा पाजला. मग तीच बंदूक पुन्हा गोणपाटात बांधून त्याच्या हातात ठेवली. "बुजगावण्याच्या खांद्यावर लाव. पाहू काय होते थे. फक्त मले येऊन सांग. अन् या वक्ताले समोरच्या दारानं ये."

हुरड्याच्या दिवसांत तो समोरच्या दारानं आला. फडक्यात हुरडा, सोबत तिळाची चटणी.

"गेली का रे डुकरं?"

"डुकरं काही जात नाहीत मियां," तो म्हणाला. "पण पटवारी वावरात येनं बंद झाला!"

\*

चिखलदऱ्याला एक माई राहत. त्यांचे यजमान जंगलाच्या ठेक्यावर होते. ते वारल्यावर माई एकट्याच त्या बंगलीत राहिल्या. त्यांच्याकडे एक जुनी ठासणीची बंदूक आहे, विकायची आहे, असं बापूसाहेबांच्या कानावर आलं. किंमत करायला ते आम्हाला आपल्या मोटारीतून घेऊन गेले.

बंदूक व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभी होती. माणसाच्या गळ्याला लागेल एवढी उंच, नळीखाली तोंडापर्यंत लाकूड. आणि त्या लाकडावर चाकूनं मारलेल्या आडव्या रेघा, एकीवर एक, पार वरपर्यंत.

बापूसाहेबांचे डोळे चमकले. शिकारी एका वाघाला एक रेघ मारतात, हे त्यांनी ऐकलेलं. ते हळूच माझ्या कानात म्हणाले, "मोजा हो, मोजा!" आणि स्वतःच बोट ठेवून मोजू लागले. "आणि ही सगळ्यात वरची किती खोल! हा वाघ केवढा असेल माई?"

माई स्वतःच्या परसातली कॉफी करून घेऊन येत होत्या. त्या तिथेच थांबल्या.

"वाघ कुठले? थे आमच्या मधूच्या रेघा आहेत. हे दर दिवाळीले त्याले बंदुकीशी उभं करत अन् डोक्यावर रेघ मारत."

बापूसाहेबांनी बोट काढून घेतलं.

"वरची त्यानंच मारली," माई म्हणाल्या. "'बाबा, मी बंदुकीएवढा झालो' म्हणे. अन् मंग शिकाले गेला. आता कलकत्त्याले असते. येनं होत नाही त्याचं."

कॉफी पिऊन झाली. शेवटी माईंनीच हुसेनभाईंना विचारलं, "किती येतीन हो हिचे?"

"माई, आमी बंदुकीची किंमत करतो," हुसेनभाई म्हणाले. "ही बंदूक नाही."

माईंनी पदरानं नळीवरची धूळ पुसली आणि ती पुन्हा कोपऱ्यात नीट टेकवून ठेवली. आम्ही निघालो.

घाट उतरला. परतवाड्याजवळ आल्यावर बापूसाहेब म्हणाले, "हुसेनभाई, खरं सांगा. माझ्या घरी एवढ्या बंदुका आहेत. एकीनं तरी वाघ मारला असेल का हो?"

"मारला असंन साहेब," हुसेनभाई खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "वाघाचं काय घेऊन बसले? मधू एकीवरही नाही."

\*

आता तायडेबाबांचा सांगतो आणि थांबतो.

तायडेबाबा बडनेऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातले. मोठ्या लढाईत पलटणीसोबत बर्मात होते. नंतर गावी येऊन शेती केली, छप्पन साली घरादारासह बौद्ध झाले, मुलाला शिकवून सरकारी नोकरीत लावलं. पांढरं स्वच्छ धोतर, ताठ कणा. पहिल्यांदा दुकानात आले ते रिकाम्या हातानं.

"जयभीम," म्हणाले. "एक रायफल बनवून पाहिजे. चालाले नको. पण तशीच पाहिजे."

"नाटकासाठी?" हुसेनभाईंनी विचारलं.

"नाही."

"भिंतीवर लावाले?"

"नाही."

पुढे हुसेनभाईंनी विचारलं नाही. आमच्याकडे राजेरजवाड्यांच्या बंदुकीची नक्कल मागणारे पुष्कळ येत. साध्या शिपायाच्या रायफलीची मागणारे हे पहिलेच. तायडेबाबांनी जमिनीवर खडूनं तिचं चित्र काढलं. पट्टा कुठे अडकतो, बोट कुठे बसतं, गालाखाली लाकूड कसं लागतं, सगळं.

आम्ही बनवली. पाइपाची नळी, शिसवाचा दस्ता. त्यांनी हातात घेतली, डोळे मिटले. "हलकी आहे."

हुसेनभाईंनी नळीत शिसं ओतलं. पुन्हा डोळे मिटले. "आता समोर झुकते."

मी दस्ता पोखरून त्यात लोखंड बसवलं. "थोडी राहिली." असं कितीतरी वेळा. दर बाजाराच्या दिवशी ते यायचे, डोळे मिटून उभे राहायचे आणि आम्ही श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे पाहायचो. चिडचिड माझीच व्हायची, हुसेनभाईंची कधी झाली नाही.

एकदा मी न राहवून विचारलं, "बाबा, तुमची असली कुठी गेली?"

"नदी होती," ते म्हणाले. "एका हातानं बंदूक धरता येत होती, नाहीतर माणूस."

मग रायफल पुन्हा उचलत म्हणाले, "पलटण सोडली तवा जमा कराले माझ्यापाशी काही नव्हतं."

आणि एके दिवशी त्यांनी डोळे मिटले ते उघडेचनात. अंगठा लाकडावरून हळूहळू फिरत होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हेच."

"घेऊन जा मंग," हुसेनभाई खुशीत म्हणाले.

"उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी आले ते जुना खाकी कोट घालून. इस्त्री केलेला, छातीवर बिल्ले, पायात बूट. सोबत मुलगा. त्यांनी रायफल खांद्यावर घेतली, दुकानातून खाली उतरले आणि रस्त्यानं चालू लागले. गेटापर्यंत गेले आणि वळले. समोरचा भांडेवाला ठोकायचा थांबला, टांगेवाल्यानं घोडं बाजूला घेतलं. त्याच चालीनं ते परत आले आणि हुसेनभाईंच्या पुढ्यात बुटाला बूट मारून उभे राहिले.

हुसेनभाई लुंगी-बनियनवर कानस घेऊन बसलेले.

"बंदूक जमा करतो, साहेब!" तायडेबाबा म्हणाले.

हुसेनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कानस खाली ठेवली, हात लुंगीला पुसले आणि उठून उभे राहिले. जन्मात कधी पलटण न पाहिलेला माणूस तो. पण त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि रायफल अशी घेतली जशी बाळंतिणीकडून पोर घ्यावं.

"जमा झाली," ते म्हणाले.

तायडेबाबांनी कडक सलाम ठोकला आणि वळले. पायरीवर मुलानं गोंधळून विचारलं, "बाबा, अन् बंदूक? घरी नाही न्यायची?"

"काहून?" तायडेबाबा म्हणाले. "आपली होती का थे?"

आणि मोकळे हात हलवत गेटाबाहेर निघून गेले.